बैलाची पडवी

अंबाजीनं वैशाखात पडवी काढायला घेतली, तेव्हा विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यानं एकच सांगितलं, "बैलाला." विचारणारा मान डोलवून पुढं जाई. गेल्या पावसाळ्यात अंबाजीचा तांबडा बैल चिंचेखाली उभा राहून भिजला होता आणि खुरं नासून ऐन चिखलणीत लंगडला होता, हे सगळ्या आळीनं पाहिलं होतं. खोटं बोलायचंच तर असं बोलावं की ऐकणारानं आपणहून त्याला टेकू द्यावा. अंबाजीला ते जमलं होतं. उभ्या जन्मात पहिल्यांदाच जमलं होतं, म्हणून त्याला आतून धास्तीच वाटत होती.

साल एकोणतीसचं. मुंबईत गिरण्यांचे संप एकामागून एक चालले होते आणि रेवसच्या बोटीतून गावोगावची पोरं बोचकी घेऊन परत येत होती. अंबाजीचा थोरला, चंदर, मात्र आला नव्हता. आला त्याच्या खोलीतला हरेश्वर. त्यानं अंबाजीला खारीच्या, खाडीलगतच्या भातजमिनीच्या, बांधावर गाठलं, इकडंतिकडं पाहिलं आणि खाली मान घालून सांगितलं.

"चंदर इस्पितलात हाय, काका. खोकला लागलाय त्याला. तसला खोकला."

"तसला म्हंजी?"

"रगत पडतंय."

अंबाजीनं हातातला विळा बांधात रोवला आणि परत उपसला.

"महिनाभर ठेवतील म्हनाले," हरेश्वर म्हणाला. "मंग पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं धाडतील. डाक्टरनं सांगितलंय, वेगला निजवा. लहान पोर जवल जाऊ देऊ नका. खिडकी असंल आनी वारा लागंल अशा जागी ठेवा. देवाच्या हाती असंल तर सुधारंल."

आता घर पाहावं तर एका खणाचं. त्यात अंबाजी, त्याची बायको सोनाबाई, धाकटा सदा, सदाची बायको रतन आणि तिची चार महिन्यांची पोर. चूल त्यातच, भाताची कणगी त्यातच. वेगळं निजवायचं तर कुठं? घराच्या मागं खाडीचा बांध, पुढं वाट, एका अंगाला विहीर. राहिली एकच बाजू, कोंडाजीकडची.

कोंडाजी म्हणजे काही परका नव्हे. दोघं एका वर्षाचे, एकाच खाडीत पोहायला शिकलेले, एकमेकांना अजून अंबाज्या-कोंड्या म्हणणारे. याच्याकडं एक बैल, त्याच्याकडं एक बैल. दोन्ही जुंपून सावडीनं आधी एकाची खार नांगरायची, मग दुसऱ्याची. तेव्हा सरळ जाऊन कोंडाजीला खरं सांगावं, असं सोनाबाई म्हणालीच होती.

"आनी त्यानं बायकोला, जनीला सांगितलं तर?" अंबाजी म्हणाला. "जनीनं विहिरीवर सांगितलं तर? लावनीला कोन येईल आपल्याकडं? तसला खोकला घरात हाय म्हंजे आपल्या बांधावर कोन पेज पिनार? रोपं जाग्यावर पिवली पडतील."

"मंग काय सांगायचं?"

"बैल," अंबाजी म्हणाला.

दोन घरांच्या मधे गुडघ्याएवढा काळा दगड होता. दोघांच्या आजोबांनी मिळून पुरलेला. दगडाच्या पलीकडं कोंडाजीच्या पागोळ्या पडायच्या, अलीकडं अंबाजीच्या. अंबाजीच्या भिंतीपासून दगडापर्यंत जागा भरत होती चार हात. आता त्या गावची रीत अशी, की राहतं छप्पर वाढवायचं तर दगडापासून दोन हात पागोळीला सोडायचे. राहिलेल्या दोन हातांत माणूस कुशीवरही वळायचा नाही. पण गुरांसाठी काढायचं असेल तर थेट दगडाला भिडवा, शेजाऱ्यानं हो म्हटलं की झालं. माणूस जिथं निजला आणि दिवा जिथं लागला ती जागा पुढं त्याची होते, तिच्या पागोळीला हक्क लागतो. गुराला हक्क नाही. म्हणूनही बैलच बरा होता.

कोंडाजीनं ऐकलं आणि लगेच मान डोलवली. "बांध की. तुजा तांबडा धड न्हाय राह्यला तर माजा बाला बैल एकला कुनाबरोबर चालनार हाय? फकस्त पन्हल लाव. तुजं पानी माज्या कुडावर यायला नको." एवढंच बोलून तो थांबला नाही, तर आपल्याकडचे दोन वासेही त्यानं आणून टाकले. त्या दोन वाशांचं ओझं अंबाजीला साऱ्या पडवीपेक्षा जड झालं.

काम सुरू झालं. सदानं मेढींसाठी खड्डे खणले. खारी जमीन, हातभर खाली गेलं की पाणी, म्हणून तळाला शिंपल्यांचा चुरा ठोकून बसवला. अंबाजी दोन दिवस डोंगरात जाऊन कारवीच्या मोळ्या घेऊन आला, खांद्याची साल निघाली. सोनाबाईनं आणि रतननं कारवीचा कूड विणला, त्यावर शेणमातीचे हात दिले. पोफळीचं खोड चिरून त्याची पन्हळ केली. अंगातून घामाच्या धारा वाहत होत्या, दुपारचा वारा पडलेला असे आणि खाडीचा चिखल वास मारत असे. अंबाजीला कामाची घाई होती आणि ती घाई दाखवायची मात्र नव्हती. बैलासाठी कोण इतकं धावतं?

चूक झाली ती तिथं नाहीच. चूक झाली खिडकीत. डॉक्टरनं खिडकी म्हटलं होतं आणि ते अंबाजीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. फुटक्या होडीच्या फळ्या कापून त्यानं हातभर लांबीरुंदीची चौकट केली आणि कोंडाजीकडच्या कुडात बसवली, कारण वारा त्याच अंगानं यायचा. सोनाबाईला राहवलं नाही, तिनं आतली जमीन चोपून सारवून काढली. इतकी गुळगुळीत, की तिच्यावर भात सांडला तरी वेचून घ्यावा.

पेंढा चढवायच्या दिवशी आळीतले चारपाच गडी सावडीला आले. कोंडाजी शिडीवर होता. वरून त्याला चौकट दिसली.

"अंबाज्या, हे काय रं?"

"वाऱ्याला."

"बैलाला खिडकी?" कोंडाजी हसला. "काय बघनार हाय तो तिथनं? माज्या कोंबड्या?"

सगळे हसले. अंबाजीही हसला, पण ते हसू जरा उशिरा आलं. कोंडाजी शिडीवरून उतरला, दारातून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

"जमीन सारवलीव. दार मानसाच्या उंचीचं. तू सदाला वेगला काढतोस, अंबाज्या. सरल सांग की. बैल कशाला मधे आनतोस?"

"सदाला कशाला वेगला काढू?"

"मंग ही खिडकी कुनासाठी?"

इथं खरं सांगायची वेळ होती. तोंड उघडायचं, दोन शब्द बोलायचे. पण शिडीखाली चार गडी पेंढ्याच्या पेंड्या घेऊन उभे होते आणि त्यांच्या मागं विहिरीवर बाया होत्या. अंबाजी म्हणाला, "सांगितलं न्हाय का एकदा, बैलाला."

कोंडाजीनं खांद्यावरचा पंचा झटकला. त्यालाही दोन पोरगे होते, त्याचंही घर एका खणाचंच होतं. आज दगडाला भिडून माणूस राहिला की उद्या त्याची पागोळी आपल्या कुडावर, परवा आपला कूड हातभर मागं. हे त्यानं मनात धरलं तर त्यात वावगं काही नव्हतं. पण त्याला जागेपेक्षा जास्त लागली ती लबाडी. पन्नास वर्षांत अंबाजी त्याच्याशी असा आडून बोलला नव्हता.

"तर मंग गावदेवीच्या पायरीवर बोल," तो म्हणाला. "नारल ठेवून बोल. मी गप बसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाजी पाटील, आळीतली आठदहा माणसं आणि हे दोघं देवळात गेले. पाटलाला मुळात या भानगडीत रस नव्हता. त्याला पेरणीची घाई होती. त्यानं नारळ अंबाजीच्या हातात दिला. नारळ पायरीवर ठेवून अंबाजी शब्द हुडकू लागला, तेव्हा पाटलानंच ते पुरवले.

"म्हन, दगडाच्या माज्या अंगाला जी पडवी हाय, तिच्यात मानूस निजनार न्हाय."

"दगडाच्या माज्या अंगाला जी पडवी हाय," अंबाजी म्हणाला, "तिच्यात मानूस निजनार न्हाय."

"निजला तर ज्याच्यापायी शपत मोडली त्याच्यावर देवी बसंल."

अंबाजीनं पाटलाकडं पाहिलं. मग देवीकडं पाहिलं. शेंदरात दोन चांदीचे डोळे. "त्याच्यावर बसंल," असं तो म्हणाला खरा, पण त्याचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. पाटलाला तेवढं पुरलं.

घरी आला तेव्हा सोनाबाई पडवीच्या दारात उभी होती. तिला कळलं होतं. गावात अशी बातमी माणसाच्या पुढं धावते.

"आता पोराला कुठं निजवायचा?" ती म्हणाली. रागावली नाही, रडली नाही. नुसतं विचारलं. अंबाजी बैलाला पाणी दाखवायला गेला.

चंदर शेवटच्या बोटीनं आला. अंबाजी आणि सदा रेवसच्या धक्क्यावर उभे होते. उतारू उतरले, पेट्या उतरल्या, कोळणींच्या रिकाम्या पाट्या उतरल्या, आणि सगळ्यांच्या मागून एक वाकलेला गडी फळीवर पाय चाचपत आला. सदा पुढं गेला नाही, कारण त्यानं भावाला ओळखलंच नव्हतं. अंबाजीनं ओळखलं ते कानांवरून. चंदरचे कान लहानपणापासून उभे होते, तेवढेच काय ते पहिल्यासारखे राहिले होते.

"दमलास काय?" अंबाजीनं विचारलं.

"न्हाय," चंदर म्हणाला आणि धक्क्याच्या दगडावर बसला.

दीड कोस चालायला त्यांना अर्धा दिवस लागला. गाव दिसू लागलं तशी अंबाजीनं वाट सोडली आणि खारीच्या बांधाला लागला. तिथं, घरापासून हाकेपलीकडं, भाताच्या राखणीची खोपी होती. माडाच्या चार झापांची, दोन अंगांनी उघडी. अंबाजीनं आदल्या दिवशीच तिथं नवा पेंढा आणि घोंगडं टाकलं होतं.

"हितं वारा चांगला हाय," तो म्हणाला. "डाक्टरनं वारा सांगितलाय नं? चार दिस हितं काढ. मंग बघू."

चंदरनं खोपीकडं पाहिलं, मग बापाकडं. तो काही भोळा नव्हता. मुंबईत सहा वर्षं काढलेला माणूस. "बरं," म्हणाला आणि आत जाऊन पडला.

सोनाबाई दोन वेळा पेज घेऊन जायची. वाटेत कुणी विचारलं तर म्हणायची, बांधाला खेकड्यांनी भोकं पाडलीत, बघायला चाललेय. पेज खाली ठेवून ती चार हातांवर बसे. तिला जवळ बसायचं असे, आणि घरी जाऊन त्याच हातांनी नातीला घ्यायचं असे. त्या दोन गोष्टींत तिचा जीव चिरत होता. चंदरच तिला म्हणे, "आये, लांब बस."

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आये, हितनं आपलं घर दिसतंय."

"व्हय."

"कोंडूकाकाच्या अंगाला नवा पेंढा दिसतोय. पडवी काढलीव?"

सोनाबाईनं पेजेचं भांडं त्याच्याकडं सारलं.

"कुनासाठी?"

"बैलाला," सोनाबाई म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबला.

चंदर हसला. हसता हसता खोकला आला आणि खोकता खोकता तो बोलला, "बैलाचं बरं हाय."

तिनं ते घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. सांगायला नको होतं, पण एकटीनं किती गिळायचं? अंबाजी जेवत होता. त्यानं ताट सारलं, अंगणात गेला आणि पडवीच्या दारात उभा राहिला. आत सारवलेली जमीन होती, तिच्यावर खिडकीचा चौकोनी उजेड पडला होता. वारा येत होता, अगदी डॉक्टरनं सांगितला तसा. बैलही त्यानं अजून तिथं बांधला नव्हता. हात होत नव्हता. आपण पोराला वाचवायला शपथ पाळतो आहोत की गावाच्या भीतीनं पाळतो आहोत, हे त्याचं त्यालाच उलगडत नव्हतं, आणि त्याची लाज त्याला खात होती.

अमावास्येचं उधाण आलं. दरवर्षी येतं, पण त्या खेपेला पश्चिमेच्या वाऱ्यानं ते रेटून आणलं. सकाळी अंबाजी बांधावर गेला तर बाहेरचा बांध एका ठिकाणी फुटला होता, खोपीत पोटरीएवढं पाणी होतं आणि पेंढा तरंगत होता. चंदर आतल्या उंच बांधावर बसला होता. घोंगडं खांद्यावर, तेही ओलं. ओठांना खारं पाणी वाळून पांढरं झालं होतं. त्यानं बापाला पाहिलं आणि हातातली चिंधी मागं लपवली, पण ती लाल झालेली अंबाजीनं पाहिली होती.

"हाक का न्हाय मारलीस?"

"मारली," चंदर म्हणाला. "आवाज न्हाय पोचत."

अंबाजी खाली बसला. पोराच्या अंगावरचं ओलं घोंगडं काढून त्यानं आपला पंचा, आपली बंडी, जे अंगावर होतं ते त्याच्याभोवती गुंडाळलं. मग उठला आणि लंगोटीवर, उघड्या अंगानं, गावाकडं चालू लागला. वाटेत बाबाजी पाटलानं हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही.

कोंडाजी ओटीवर बसून काथ्या वळत होता. शपथेच्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. अंबाजी समोर येऊन उभा राहिला, तरी त्यानं काथ्यावरची नजर उचलली नाही.

"कोंड्या," अंबाजी म्हणाला, "माजा चंदर खारीत हाय. धा दिस झाले. त्याला रगताचा खोकला हाय. पडवी त्याच्यासाठी काढली. मी तुज्याशी लबाडी केली."

कोंडाजीचा हात थांबला.

"खोपीत पानी शिरलंय. मना शपत मोडाय येत न्हाय. मोडली तर त्याच्यावरच बसंल." आणि एवढं बोलून तो उघडाबोडका म्हातारा दुसऱ्याच्या अंगणात हंबरडा फोडून रडू लागला. जनी आतून धावत आली. विहिरीवरच्या बाया थांबल्या. जे दीड महिना लपवलं ते दोन श्वासांत सगळ्या आळीला कळलं.

कोंडाजी उठला. रागानं त्याचं तोंड वाकडं झालं होतं.

"भाडखावा," तो म्हणाला. "पन्नास वर्सं एका जोखडात चाललो नं आपन? माजा बैल तुज्या बैलाशेजारी चालतो, आनी तू मना सांगतोस बैलाला खिडकी? चंदर माज्या मांडीवर मुतलाय रं. त्याला तू खारीत टाकलास, पन मना न्हाय सांगितलंस?"

"चुकलो."

"चुकलास तर चुकलासच." कोंडाजी घरात गेला आणि पहार घेऊन बाहेर आला.

जनीनं त्याचा हात धरला. "अवो, काय करताव? आपलीबी पोरं हायत."

"तुजी पोरं पल्याडच्या अंगाला निजव. भांडं वेगलं ठेव. अजून काय पायजे?" हात सोडवून घेत तो दोन घरांच्या मधे गेला आणि काळ्या दगडाच्या बुडाशी पहार मारली.

दगड सहज निघण्यातला नव्हता. शंभर वर्षं बसलेला. कोंडाजी पहार मारत होता, माती उडत होती, मग सदा आला आणि दोघांनी मिळून तो उपसला. पोटाशी धरून, गुडघे वाकवत, कोंडाजीनं तो पडवीला वळसा घालून आणला आणि अंबाजीच्या जुन्या भिंतीला चिकटवून उभा केला. पायानं माती दाबली. मग मान वर करून, देवळाकडं तोंड करून, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला,

"दगडाच्या ह्या अंगाला आता माजी हद्द. पडवी माजी. माज्या पडवीत कोन निजायचा ते मी ठरवीन. मी काय शपत घेतलेली न्हाय."

बाबाजी पाटील वाटेवर आला होता, त्यानं दगडाकडं पाहिलं, तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि निघून गेला. चंदरला अंबाजीनं आणि कोंडाजीनं झोळीतून आणलं. बांबूचं एक टोक याच्या खांद्यावर, एक त्याच्या. सारवलेल्या जमिनीवर त्याला ठेवलं तेव्हा त्यानं डोळे उघडून वरचा नवा पेंढा पाहिला, खिडकी पाहिली.

"बैल कुठं निजनार?" त्यानं विचारलं.

"गप पड," कोंडाजी म्हणाला.

गावानं जे करायचं तेच केलं. लावणीला अंबाजीच्या खारीत सावडीला कोणी फिरकलं नाही. आला एकटा कोंडाजी, आपला बैल घेऊन. जनी नाही आली. तिचं तिच्यापाशी बरोबर होतं आणि अंबाजीनं कधी त्याचा उच्चार केला नाही. दोन म्हातारे, सदा, सोनाबाई आणि पोरीला टोपलीत घालून बांधावर ठेवणारी रतन, एवढ्यांनी लावणी उरकली. कंबरा मोडल्या, बोटांची नखं चिखलानं सडली, निम्मी रोपं उशिरा लागली. संध्याकाळी दोघं पडवीच्या दारात हातपाय धूत तेव्हा चंदर आतून विचारी, आज किती झालं? अंबाजी वाढवून सांगे.

बरे दिवसही आले. खोकला आठवडाभर थांबला, चंदर उठून बसला, त्यानं पन्हळीची एक बाजू कुठं गळते ते खिडकीतून कोंडाजीला दाखवलं आणि कोंडाजीनं ती बांधली. सोनाबाईनं देवीला नारळ बोलला. जनी एका दुपारी खिडकीपाशी आली, वाटीत जवळा ठेवून गेली, आणि वाटी परत मागितली नाही. अंबाजीला वाटू लागलं, निभावलं. पण उधाणाचं पाणी चंदरच्या छातीत शिरलं होतं ते शिरलंच होतं. निदान अंबाजीनं तसं धरलं आणि मरेपर्यंत तसंच धरलं. कोण सांगणार त्याला, की ते मुंबईतच ठरलं होतं?

नारळी पुनव होऊन चार दिवस झाले तेव्हा चंदर गेला. दुपारची वेळ होती. अंबाजी आणि कोंडाजी खारीतून येत होते, तेव्हा सोनाबाई पडवीच्या दारात उभी दिसली. इतके दिवस ती चार हातांवर बसे. आता तिच्या पदराला रक्त होतं आणि पोराचं डोकं तिनं मांडीवर घेतलं असणार, हे दोघांनाही लांबूनच कळलं. अंबाजीच्या हातातून खोरं पडलं.

पडवी कोंडाजीची, म्हणून माणूस कोंडाजीच्या घरातून गेला. त्याच्या अंगणातून तिरडी उठली, अग्नीचं मडकं त्याच्याच चुलीतून भरलं. दहा दिवस त्यानं सुतक पाळलं. देवाला हात लावला नाही, जनीनं चूल पेटवली नाही, सोयऱ्यांकडून आलेलं खाल्लं. कुणी विचारलं, तुझा कोण लागतो रे, तर तो म्हणे, "माज्या हद्दीत होता."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहारीचा आवाज आला, म्हणून अंबाजी बाहेर आला. कोंडाजी दगड उपसत होता.

"राहू दे, कोंड्या," अंबाजी म्हणाला.

"मना काय करायची तुजी जागा?"

"जागेचं न्हाय. दगड परत गेला की पडवी माजी झाली. माजी झाली की तिच्यात मानूस निजायचा न्हाय. म्हंजी चंदर कधी निजलाच न्हाय तिथं."

कोंडाजी पहारीवर टेकला. त्याला धाप लागली होती.

"अंबाज्या," तो म्हणाला, "माजे पोरगे भांडतील उद्या तुज्या सदाशी. ही जागा आमची, आमच्या बापाची, म्हनतील. मी मेल्यावर त्यांना कोन सांगनार, की दगड का हलवला? आपल्या आज्यांनी पुरला तिथंच बरा हाय तो."

खरं होतं ते. दोघांनी मिळून दगड उचलला आणि जुन्या खड्ड्यात उभा केला. खड्ड्यात पाणी साचलं होतं. दगड बसला तसं ते दोघांच्या पायांवर उडालं. मग कोंडाजी आपल्या घरात गेला आणि अंबाजी चिंचेखाली गेला.

तांबडा भिजून काळा झाला होता. अंबाजीनं दावं सोडलं आणि त्याला पडवीच्या दाराशी आणलं. बैलानं आतली जमीन हुंगली, मान मागं घेतली. अंबाजीनं त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला, थोपटलं. तेव्हा तो आत गेला. मेढीला दावं बांधताना अंबाजीच्या बोटांना लाकूड एका जागी गुळगुळीत लागलं. उठताना चंदर तिथं हात धरायचा. अंबाजीनं दावं त्या जागेच्या वर बांधलं.

दुपारी उघडीप झाली, तशी केसर कोळीण पाटी डोक्यावर घेऊन वाटेवर आली. ती थळच्या अंगाची, पावसाळाभर फिरकली नव्हती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. पाटी उतरवून ती पडवीकडं बघत राहिली. खिडकीतून बैलाचं तोंड बाहेर आलं होतं.

"नवी पडवी काढलीव, अंबाजीबाबा? आनी खिडकी पन?" ती हसली. "कुनासाठी वो एवढी?"

सोनाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"बैलाला," अंबाजी म्हणाला.

या खेपेला ते खरं होतं.